टोपीचा नियम

नेवेनाच्या पत्राला आपण उत्तर दिलेलं नाही, हे तिहोमिरला रोज आठवत असे असं नाही. पण आठवलं की नेमकं जेवताना आठवे, आणि मग घास तोंडातल्या तोंडात फिरत राही. पत्र इंग्लंडच्या उत्तर भागातून आलं होतं, निळ्या शाईत, गोल अक्षरात. ते अक्षर त्यानंच शाळेत तिच्याकडून गिरवून घेतलं होतं. पत्रात आधी खुशाली होती, मग तिथल्या पावसाबद्दल तक्रार होती आणि शेवटी एक प्रश्न होता. खुशालीला आणि पावसाला उत्तर देता आलं असतं. घोटाळा झाला तो प्रश्नापाशी.

नेवेना ही मिलिसावची मुलगी. मिलिसाव म्हणजे तिहोमिरच्या परसामागच्या उतारावर, वरच्या घरात राहणारा त्याचा मित्र. लग्न होऊन ती तिकडे गेली आणि तिथल्या एका वृद्धाश्रमात काम करू लागली. आश्रमातल्या एका म्हाताऱ्याच्या वाढदिवसाला तिनं शुभेच्छांचं कार्ड लिहिलं. म्हातारा गात असतो तेव्हा सर्वांत आनंदी असतो, अशा अर्थाचं वाक्य होतं. आश्रमाच्या मुख्य बाईंनी ते वाचलं, हसल्या, आणि 'हॅपिएस्ट'च्या आधीचा 'द' पेन्सिलीनं खोडला. दुसऱ्या एका वेळी नेवेनानं लिहिलं, की आपल्या दोन मुलींपैकी धाकटी जास्त उंच आहे. तिथे तिनं 'द' घातला नव्हता, तर त्यांनी तो घातला. 'सर,' तिनं पुढे लिहिलं होतं, 'जिथे मी टोपी घातली तिथे त्यांनी काढली, आणि जिथे बोडकं ठेवलं तिथे घातली. कारण विचारलं तर म्हणतात, असंच असतं. तुम्ही सांगाल म्हणून विचारतेय.'

टोपीची गोष्ट अशी, की तिहोमिरच्या सर्बियन भाषेत 'द'सारखा शब्दच नाही. घर म्हणजे घर. ते कुठलंसं घर की ठरलेलं घर, हे ऐकणाऱ्यानं आपलं आपण समजून घ्यायचं. मुलांच्या डोक्यात हा 'द' काही केल्या शिरेना, तेव्हा पहिल्याच वर्षी त्यानं फळ्यावर तीन माणसं काढली. एक मोठा, एक त्याहून मोठा आणि एक सर्वांत मोठा. पहिले दोघे बोडके. तिसऱ्याच्या डोक्यावर त्यानं आजोबा लोक घालतात तशी दोन टोकांची टोपी काढली. सर्वांत मोठा तो टोपीवाला, बाकीचे बोडके. हा नियम त्यानं निवृत्त होईपर्यंत शिकवला. गावातली निम्मी माणसं त्या फळ्यासमोर बसून गेली होती, आणि लग्नकार्यात तिहोमिर दिसला की चांगले पोट सुटलेले पुरुष डोक्यावर हात ठेवून त्याला टोपीची खूण करत.

खरं तर तो आधी रशियनचा मास्तर. शाळेला इंग्रजी हवं झालं तेव्हा त्यानं ते पुस्तकांवरून शिकून घेतलं. इंग्लंड त्यानं पाहिलं नव्हतं. एकदा सायकलवरून फिरणारा एक इंग्रज गावात आला होता. हेडमास्तरांनी तिहोमिरला बोलावणं पाठवलं, तर हा नकाशांच्या खोलीत जाऊन उभा राहिला आणि इंग्रज पुलापलीकडे गेल्यावरच बाहेर आला. कधी ना कधी कोणीतरी आपल्याला विचारणार आणि आपल्याला येणार नाही, ही भीती त्याच्या मनात पहिल्यापासून होती. फक्त विचारणारी नेवेना असेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं व्याकरणं काढली. जाड पुस्तक म्हणत होतं, एखाद्याची तुलना त्याच्या स्वतःशीच असेल तर टोपी नको. नदी इथे सर्वांत खोल आहे म्हणताना आपण दुसऱ्या नदीबद्दल बोलतच नसतो. हे वाचून तिहोमिरला बरं वाटलं. पण हिरवं पुस्तक म्हणालं, बोलताना तिथेही टोपी घातलेली कधीकधी चालते. दोघांतला जास्त मोठा असेल तर त्याला टोपी हवीच, असं दोन्ही पुस्तकांत होतं; पण लोक दोघांतल्या मोठ्यालाही सर्वांत मोठा म्हणून टाकतात, अशी बारीक अक्षरात तळटीप होती. जितकं जास्त तितकं बरं, अशा वाक्यांत तर जास्तलाही टोपी आणि बऱ्यालाही टोपी. म्हणजे त्याचे ते दोन बोडके पुरुष अख्ख्या इंग्लंडात टोप्या घालून फिरत होते, आणि टोपीवाला मधूनच ती काढून ठेवत होता.

त्यानं उत्तर लिहायला घेतलं. ते तीन पानं झालं आणि 'परंतु'वर अडलं. दुसरं घेतलं, तेही 'परंतु'वर येऊन थांबलं. उन्हाळा गेला, आलुबुखारांची झाडं रिकामी झाली, गावात दारूच्या भट्ट्यांचा वास सुटला, आणि संत लुकाचा दिवस आला.

तो दिवस म्हणजे मिलिसावच्या घरची स्लावा. प्रत्येक घराचा एक संत असतो आणि वर्षातून एकदा त्याच्या नावानं मेणबत्ती लागते, मोठा गोल पाव कापला जातो, दारातच पाहुण्याला चमचाभर गोड शिजवलेले गहू देतात. यजमान त्या दिवशी बसत नाही, शेवटचा माणूस उठेपर्यंत उभा राहून वाढतो. आणि कोणालाही बोलावत नाहीत. ज्याला ठाऊक आहे तो येतो. एकदा येऊ लागला की दर वर्षी येतो. बोलावणं पाठवणं म्हणजे समोरच्याला परका ठरवणं, आणि आजारपण किंवा मरण सोडून दुसऱ्या कारणानं न जाणं म्हणजे भांडण. तिहोमिर तरुण होता तेव्हापासून जात होता. स्टोव्हजवळच्या कोपऱ्यातली खुर्ची त्याची, हे त्या घरात कोणी ठरवलं नव्हतं, पण तिथे दुसरं कोणी बसत नसे.

पत्राच्या वर्षी तो पांढरा शर्ट घालून, पिशवीत वाइनची बाटली आणि मिलिसावच्या बायकोसाठी, कोसारासाठी, कॉफीचा पुडा घेऊन वर गेला. फाटकापाशी त्याला अंगणातून नेवेनाचं हसू ऐकू आलं. ती स्लावेसाठी दर वर्षी यायचीच, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो तसा उभा राहिला, जणू काही हे त्याला आत्ताच कळतंय. भरल्या टेबलावर ती विचारणार, सर, माझं पत्र मिळालं का. आणि चाळीस माणसं घास थांबवून ऐकणार. तो मागे फिरला. कॉफी त्यानं स्वतःच पिऊन संपवली.

पुढच्या वर्षी तर उत्तरही दिलेलं नव्हतं आणि आदल्या वर्षी गेलेलाही नव्हता. काय कारण सांगायचं ते न सुचल्यामुळे तो फाटकापर्यंतही गेला नाही. त्यानंतर मिलिसाव रस्त्यात भेटला की हवेबद्दल बोले आणि पुढे जाई. तिहोमिरही हवेबद्दल बोले. मैत्री गेली हे त्याला कळत होतं. ती परत कुठून धरायची हे कळत नव्हतं. जायचं तर उत्तर दिल्याशिवाय कसं जायचं, आणि उत्तर द्यायचं तर काय द्यायचं?

आता पुन्हा ऑक्टोबर संपत आला होता. किराणा दुकानातल्या पेर्सिदानं साखर तोलता तोलता विषय काढला, की मास्तर, इतकी वर्षांची सोबत, आणि एका झाडापायी तोडायची का. तिहोमिरनं विचारलं, कुठल्या झाडापायी. पेर्सिदा म्हणाली, बरं बरं, नका सांगू, आणि पुडी बांधली. तो घरापर्यंत झाडाचाच विचार करत आला. नंतर त्याला वाटलं, तिनं दुसऱ्याच कोणाबद्दल काहीतरी ऐकलं असेल.

रविवारी दुपारी फाटकावर काठी वाजली. फाटक उघडंच होतं, तरी मिलिसाव बाहेर उभा राहून वाजवत होता. त्याच्या बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली होती.

"कामानं आलोय," तो म्हणाला. "उगाच कोणाचा गैरसमज नको."

तिहोमिरनं त्याला आत घेतलं, रीतीप्रमाणे चमचाभर मुरांबा आणि पाण्याचा ग्लास समोर ठेवला. मिलिसावनं मुरांबा खाल्ला, पाणी प्यायला, चमचा ग्लासात ठेवला, आणि खिशातून एक कागद काढून टेबलावर सपाट केला. जावयाच्या मित्रांना मिलिसावची आलुबुखारांची दारू, राकिया, आवडते, तर या वर्षी बाटल्यांवर इंग्रजीत चिठ्ठी छापून घेणार होता. शब्दकोशात बघून त्यानं स्वतःच लिहिलं होतं: या डोंगरातली सर्वांत चांगली राकिया.

"एवढंच सांग, टोपी पाहिजे की नको?"

तिहोमिरनं कागद जवळ ओढला. पूर्वी त्यानं हे झोपेत सांगितलं असतं.

"दोन्ही चालेल," तो म्हणाला.

"दोन्ही कसं चालेल? आमच्या पोरीला एक टोपी विसरली म्हणून तू पानभर लिहायला लावलं होतंस."

"बाटलीवर जागा कमी असते, तिथे बोडकंही चालतं. वाक्य पूर्ण असेल तर टोपी घालावी. बहुतेक. वाक्य कसं आहे त्यावर आहे."

"बरं. आणि सर्वांत चांगली नको, नुसती जास्त चांगली म्हटलं तर?"

"कशापेक्षा?"

"राडेच्या दारूपेक्षा." राडे हा मिलिसावचा चुलतभाऊ.

"दोनच असतील आणि त्यांतली ही जास्त चांगली, असं म्हणायचं असेल तर टोपी हवी."

मिलिसावनं कागद स्वतःकडे ओढला, पुन्हा तिहोमिरकडे सरकवला. "म्हणजे जास्त चांगलीला टोपी, आणि सर्वांत चांगली बोडकी."

"तसं नाही." तिहोमिरनं चष्मा काढून पुसला. "म्हणजे आत्ता या कागदावर तसंच. पण तसा नियम नाही."

"तिहोमिरा, तू हल्ली दुपारचा पितोस का?"

तिहोमिरला हसू आलं, पण मिलिसाव हसत नव्हता. तो खिडकीबाहेर बघत होता. मग तो काठीच्या मुठीशीच बोलावं तसं बोलू लागला.

"फांदी तुला विचारून कापायला हवी होती. कोसारा तेव्हाच म्हणाली. पण शेडच्या पन्हळीत पानं साचून पाणी आत यायला लागलं, आणि तू कुठे बाहेरगावी गेला होतास. राग येण्यासारखंच आहे. अक्रोड तुझ्या वडिलांच्या हातचा."

"कुठली फांदी?"

मिलिसावनं त्याच्याकडे पाहिलं. तिहोमिर उठून मागच्या दारापाशी गेला. परसातल्या अक्रोडाची वरच्या बाजूची जाड फांदी खरंच नव्हती. तिथे करवतीनं कापलेलं, आता काळं पडलेलं वर्तुळ होतं. ते केव्हापासून तिथे होतं कोण जाणे.

"मला वाटलं वाऱ्यानं पडली," तो म्हणाला. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की त्याला असंही वाटलं नव्हतं. त्यानं पाहिलंच नव्हतं.

"मग का?" मिलिसावनं विचारलं.

तिहोमिरनं कपाटातून जाड व्याकरण काढलं आणि त्यातलं पत्र टेबलावर ठेवलं. मिलिसावजवळ चष्मा नव्हता. तेव्हा तिहोमिरनंच सांगितलं, कार्डाचं, म्हाताऱ्याचं, उंच मुलीचं, हिरव्या पुस्तकातलं आणि तळटिपेतलं. अर्ध्यात त्याला वाटलं, आपण फार लांबवतोय. मग त्यानं फाटकापाशी ऐकलेल्या हसण्याचं सांगून टाकलं.

"म्हणजे एका टोपीपायी," मिलिसाव म्हणाला.

"दोन."

"दोन टोप्यांपायी मी दोन वर्षं तुझ्या खुर्चीत राडेला बसवतोय. तो त्याची ती सैन्यातल्या खेचराची गोष्ट सांगतो. खेचर काही केल्या मरत नाही. मला उभं राहून ऐकावी लागते, बसता येत नाही, उठून जाता येत नाही."

आता तो हसेल असं तिहोमिरला वाटलं, पण तो काठी बोटांत फिरवत पुढे सांगू लागला. नेवेनानं दोन्ही वर्षं विचारलं होतं, सर का नाही आले. भांडण झालं असं पोरीला कसं सांगणार, म्हणून त्यानं सांगितलं, छाती भरलीय. तेव्हा तिनं आईकडून वाळवलेली औषधी फुलं घेतली आणि जाण्याआधी पिशवी खाली तिहोमिरच्या कुंपणाला अडकवून आली. तिहोमिरला ती पिशवी आठवली. ती कोणाची हे त्याला कळलं नव्हतं. कोणीतरी विसरलं असेल म्हणून त्यानं ती फाटकाच्या खांबावर टांगून ठेवली होती, हिवाळाभर.

मिलिसाव उठला. दारात थांबून त्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली.

"या वर्षी ती येत नाहीये. रजा नाही मिळाली." मग तो म्हणाला, "मी काही म्हणत नाहीये हं. म्हणायचं नसतं, तुला ठाऊक आहे. मेणबत्ती सकाळी लागते, आणि मी तर उभाच असतो."

बाटली तो टेबलावरच विसरला. की ठेवून गेला?

तो गेल्यावर तिहोमिर खूप वेळ ग्लासातल्या चमच्याकडे बघत बसला. मिलिसावनं बोलावलं की नाही बोलावलं? बोलावलं नाही, हे नक्की. बोलावलं असतं तर तो अपमान झाला असता. आणि नेवेना येत नाहीये, हे कशासाठी सांगितलं? आता घाबरायचं कारण नाही, असं सांगायला? की लेक नाही, घर रिकामं वाटेल, म्हणून? की ती येत नाही त्यात थोडा तुझाही हात आहे, असं? पहिलं बरोबर वाटे तेव्हा तिसरं आठवे, आणि तिसरं धरलं की दुसरं खरं वाटे. व्याकरणाची पुस्तकं तरी पानांवर आकडे घालतात. माणसाच्या बोलण्याला तेही नसतात.

एक गोष्ट मात्र तो फिरून फिरून त्याच जागी येऊन पाहत होता. ती नाही म्हणून आपण गेलो, तर पुन्हा नकाशांच्या खोलीतच उभे आहोत. खुर्ची मिळेल, मिलिसाव वाढेल, आणि पुढच्या वर्षी ती आली की आपण परत फाटकावरून मागे फिरू. मग मिलिसाव काठी घेऊन येणार नाही. दुसरा बहाणा त्याच्याकडेही नसेल, बाटलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लिहायला बसला. व्याकरणं त्यानं कपाटात ठेवून दार लावून घेतलं होतं. या वेळी पत्र अर्ध्या पानाचंच झालं.

'नेवेना,' त्यानं लिहिलं, 'तुझ्या बाई दोन्ही वेळा बरोबर आहेत. का, ते मला पुरतं माहीत नाही. माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच असेल, म्हणजे तो केव्हा जास्त सुखी आणि केव्हा कमी, तर ते लोक बहुधा टोपी घालत नाहीत. दोघींतली एक उंच असेल तर तिला घालतात. एका पुस्तकात याहून थोडं वेगळं आहे. त्या तीन माणसांचं चित्र काढलं तेव्हा मला एवढंच येत होतं, आणि नंतर मी ते पुसलं नाही. मी आजारी नव्हतो. तुझी फुलं पाण्यानं भिजून गेली, ती तुझी आहेत हे मला काल कळलं.'

खाली त्याला इंग्रजीत एक वाक्य लिहावंसं वाटलं, म्हणजे निदान एक उदाहरण तरी तिच्या हाती लागेल. मी सर्वांत सुखी असतो तो तुमच्या स्टोव्हजवळच्या खुर्चीत, असं ते वाक्य. हाताच्या सवयीनं टोपी घातली गेली. ती त्यानं खोडली. खोडलेलं वाईट दिसलं म्हणून पान पुन्हा उतरवून काढलं, आणि उतरवताना विचार आला, की आपण इथे स्वतःशीच तुलना करतोय, की जगातल्या बाकीच्या सगळ्या खुर्च्यांमध्ये बसलेल्या माणसांशी? त्यावर तो इतका वेळ बसला, की कॉफी उतू जाऊन खालची आच विझली.

संत लुकाच्या सकाळी त्यानं पांढरा शर्ट घातला. पिशवीत वाइन घेतली, कॉफीचा नवा पुडा घेतला. वरच्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. पण तो आधी खाली वळला, टपाल कचेरीकडे.

काचेमागे स्तामेना होती. तीही त्या फळ्यासमोर बसून गेलेली. पाकिटावरचा पत्ता बघून तिनं भुवया उंचावल्या, पण विचारलं भलतंच. साधं पाठवायचं की नोंदणी करून?

"जास्त चांगलं कुठलं?" तिहोमिर म्हणाला.

"सर, ते वेगळं आणि हे वेगळं. साधं जातं. नोंदणीचंही जातं, पण सही घेऊन."

"सही नको." सहीसाठी दारात उभी असलेली नेवेना त्याच्या डोळ्यांपुढे आली, आणि त्याला नको झालं.

स्तामेनानं तिकिटं लावली. लावता लावता तिनं डोक्यावर हात ठेवला, गावात सगळे ठेवत तसा, गमतीनं. "आमच्या पोरालाही तेच शिकवलंय हं, सर. सर्वांत मोठ्याला टोपी."

"कधीकधी नसते," तिहोमिर म्हणाला.

तिचा हात डोक्यावरच राहिला. "कधी?"

"ते मी..." त्यानं वळून पाहिलं. मागे कोणी उभं नव्हतं. "ते जरा मोठं आहे. एकदा सांगेन."

"आता सांगताय, सर. त्याची परवा परीक्षा झाली."

तिनं शिक्का मारला. दोनदा मारला, पहिला पुसट आला म्हणून. आणि हात मागे करून, न बघताच, पाकीट थैलीत टाकलं. ते आत घसरत गेल्याचा आवाज झाला. त्याच क्षणी तिहोमिरच्या लक्षात आलं, की शेवटच्या वाक्यात आपण टोपी ठेवली की काढली हे आपल्याला आठवत नाही. त्यानं आठवून पाहिलं. खोडलेलं पान दिसत होतं, स्वच्छ पान दिसत नव्हतं.

"परत हवंय का?" स्तामेनानं विचारलं. "थैली अजून बांधलेली नाही. मी काढून देते."

तिहोमिरनं थैलीकडे पाहिलं, पायाशी ठेवलेल्या वाइनच्या पिशवीकडे पाहिलं.

"नको," तो म्हणाला. "जाऊ दे."